अंगावरून वारं गेलं? मेंदूच्या लहरी सांगतात सुधारणेची दिशा

गावात एखाद्याचे तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, की आपण म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." मग कुणी देवऋषाकडे नेतो, कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. पण हा आजार वाऱ्याचा नाही, मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते, आणि त्या भागाचे काम बंद पडते.

हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे, असा समज कुणी करून घेऊ नये. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या दोन वर्षांत 86 गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. 1599 मृत्यूंपैकी 229 पक्षाघाताने झालेले निघाले, म्हणजे सातात एक. मृत्यूच्या कारणांत पहिला नंबर याच आजाराचा लागला.

जो वाचतो, त्याच्या घरी एकच प्रश्न असतो: हात परत चालेल का? महिनाभर मालिश, व्यायाम होतो. फरक दिसला नाही की "आता काही खरं नाही" म्हणून सगळे थांबते. मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, याच ठिकाणी समजून घेण्यासारखा आहे.

लहरी म्हणजे काय?

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. हा दाब टॉर्चच्या सेलपेक्षा हजारो पटींनी कमी असतो. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी 1924 साली माणसाच्या डोक्यावरून तो प्रथम नोंदवला आणि 1929 साली जगापुढे मांडला. तपासणीत डोक्याला धातूच्या छोट्या चकत्या चिकटवतात. सुई नाही, दुखत नाही. "करंट देतात" ही भीती खोटी आहे. यंत्र वीज देत नाही, फक्त मेंदूची नोंद घेते.

निरोगी मोठा माणूस जागा असून डोळे मिटून पडला, की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 लहरी उमटतात. त्यांना अल्फा म्हणतात. पक्षाघातात दुखावलेल्या बाजूला या लहरी कमी होतात आणि सेकंदाला 4 पेक्षा कमी अशा संथ डेल्टा लहरी वाढतात. पाणी तुटलेल्या पिकासारखेच हे आहे. काही रोपे वाळून जातात, काही नुसती कोमेजतात. कोमेजलेल्या रोपांना वेळेवर पाणी मिळाले तर ती उभी राहतात.

बैलजोडीचा हिशेब

औताची बैलजोडी सारखी चालली तर तास सरळ पडतो. एक बैल मागे राहिला की औत वाकडे जाते. डॉक्टरही मेंदूची डावी आणि उजवी बाजू अशीच ताडून पाहतात. नेदरलँड्समधील व्हॅन पुटेन या डॉक्टरांनी 2004 साली हा फरक आकड्यात मांडण्याची पद्धत पक्षाघाताच्या रोग्यांवर वापरली. फरक जितका मोठा, तितका आघात जास्त. काही आठवड्यांनी पुन्हा आलेख काढला आणि संथ लहरी कमी, जलद लहरी जास्त दिसल्या, तर मेंदू सावरत असल्याची ती खूण असते. हाताची हालचाल अजून नीट दिसत नसली, तरी आत काम चालू असू शकते.

मात्र एका आलेखावर निकाल लावू नये. झोपेतही लहरी संथ होतात. ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनात वापरली जाते. रोजच्या उपचारात डॉक्टर हात-पाय, बोलणे, चालणे तपासूनच सुधारणा ठरवतात. पक्षाघातानंतर झटके येत असतील तर मात्र ईईजी नेहमी काढतात. म्हणून कुणी दर महिन्याला आलेख काढायला सांगितले, तर "याने उपचारात काय बदलेल?" हे जरूर विचारावे. माती परीक्षणाचा कागद शेताला खत घालत नाही, तसेच हे आहे. उपचार औषधांनी आणि व्यायामानेच होतात.

आपण काय करावे?

सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढेही हळूहळू होत राहते. एका भागाचे काम दुसरा भाग शिकतो, पण त्यासाठी सराव लागतो. आपल्या जिल्ह्यातील अडचण अशी, की दिवाळीच्या सुमारास घरची तरणी माणसे ऊसतोडीला जातात आणि लुळे पडलेले म्हातारे माणूस एकटे मागे राहते. ग्रामसेवक, सरपंच आणि आशाताईंनी अशा घरांची यादी करावी. व्यायाम शेजाऱ्यांना शिकवावा. रक्तदाबाची गोळी बंद पडू देऊ नये.

तोंड वाकडे, हात उचलेना, जीभ जड झाली, यातले एक जरी लक्षण दिसले तरी 108 ला फोन करावा. रोग्याला पाणी किंवा औषध तोंडाने पाजू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सी.टी. स्कॅन पाहून. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. खर्चाची काळजी असेल तर योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारावे.

ईईजी काढायचा असेल तर आदल्या दिवशी डोके धुवावे, तेल लावू नये आणि झटक्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आलेख काढला असो वा नसो, व्यायाम मात्र एक दिवसही चुकवू नये.