कण्यातील भूल आणि रक्तदाबाची घसरण

इ. स. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने एका मजुराच्या पाठीच्या कण्यातील द्रवात कोकेन टोचले आणि तो जागा असतानाच त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया केली. कोकेनची जागा पुढे अधिक सुरक्षित औषधांनी घेतली; रीत मात्र टिकली. आज नोएडातील असो वा नागपुरातील, सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ सहसा हीच भूल पसंत करतो. माता जागी राहते आणि मुलाचा पहिला टाहो तिला ऐकू येतो.

परंतु हे औषध वेदना वाहणाऱ्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्यांना ताण देणाऱ्या अनुकंपी तंतूंनाही निष्क्रिय करते. रक्तवाहिन्या सैलावतात, पायांकडील रक्त हृदयाकडे पुरेसे परतत नाही आणि काही मिनिटांतच रक्तदाब घसरतो. त्यातच उताणे निजलेल्या मातेचे भरलेले गर्भाशय पोटातील मोठ्या शिरेवर दाब देते. तिला मळमळते, घेरी येते. वारेतील रक्तप्रवाह मातेच्या रक्तदाबावरच अवलंबून असल्याने बाळाचा प्राणवायूही तुटू लागतो.

ही घसरण कोणात होईल, हे आधी ओळखता येईल काय? या प्रश्नाने वैद्यकाला एकदा चांगलेच चकविले आहे. गर्भाक्षेपकाच्या पूर्वावस्थेत, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत आदी इंद्रियांना इजा पोचू लागते त्या विकारात, ही भूल घातक ठरेल असे दीर्घकाळ मानले जाई. तर्क सरळ होता. पण प्रत्यक्ष तुलना झाली तेव्हा निरोगी गर्भवतींपेक्षा या स्त्रियांत घसरण कमीच आढळली. त्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित असतात त्या केवळ मज्जातंतूंमुळे नव्हे. रोगट वारेपासून रक्तात येणारी द्रव्येही त्यास कारण असतात, आणि भूल त्यांना रोखत नाही. अर्थात रक्तबिंबिका फार घटल्या असतील, तर कण्यात रक्तस्राव होण्याच्या भीतीने सुई टाळावी लागते, ही गोष्ट वेगळी.

संधिवाती तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या स्त्रीची स्थिती याच्या उलट. रक्तदाब घसरला की निरोगी हृदय अधिक वेगाने रक्त फेकून तो सावरते. तिच्या हृदयाला ते साधत नाही.

भाकितासाठी भूलतज्ज्ञ आरंभीची नाडी पाहतो, कूस बदलताच ती किती वाढते ते पाहतो. बोटावरील प्राणवायुमापकाचा रक्तप्रवाह निर्देशांकही उपयोगी पडतो. तो जास्त असणे म्हणजे रक्तवाहिन्या आधीच सैल असणे. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी ३.५ ही सीमा सुचविली. नंतरच्या सर्वच अभ्यासांत मात्र ती तितकी विश्वसनीय ठरली नाही. एकाच आकड्यावर विसंबणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्य-निवेदनाने घसरणीची वाट न पाहता फेनिलेफ्रिनसारखे औषध आधीपासूनच द्यावे आणि वरचा रक्तदाब मूळच्या ९० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असे सुचविले. मग भाकीत कशाला? कारण जी मात्रा निरोगी स्त्रीला सावरते, तीच गर्भाक्षेपकाच्या वाटेवरील स्त्रीचा रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढवू शकते. अशा वेळी मात्रा कमी ठेवून, दंडावरील पट्ट्याने दर मिनिटाला रक्तदाब मोजतच पुढे जावे लागते.