झोताची ताकद उजेडावरून कळत नाही

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरांजवळून निघणारे झोत लाखो प्रकाशवर्षं दूर पोचतात. उगमाशी त्यांतल्या द्रव्याचा वेग प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ गाठतो. या झोतांची शक्ती कशी मोजतात, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: जो झोत जास्त तेजस्वी, तो जास्त शक्तिशाली.

वस्तुस्थिती: चरोद्याच्या रेल्वे यार्डात इंजिनाची ताकद कुणी हेडलाइटच्या उजेडावरून ठरवत नाही, ते किती भरलेल्या वाघिणी ओढतं, हे पाहतात. झोताचंही तसंच आहे. त्याच्या शक्तीतला रेडिओ लहरींच्या रूपात बाहेर पडणारा हिस्सा बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. शिवाय झोताचा रोख आपल्याकडे असेल, तर सापेक्षतेच्या नियमांमुळे त्याचं तेज कितीतरी पटींनी वाढलेलं दिसतं. आपल्याकडे झोताचा रोख असलेल्या अशा सक्रिय दीर्घिका, म्हणजे ब्लेझार, दिपवतात ते यामुळेच.

मग ओढलेला भार पाहायचा कुठे? दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. झोत तो बाजूला सारून पोकळ्या तयार करतात आणि क्ष-किरणांच्या चित्रांत त्या काळसर दिसतात. वायूचा दाब आणि पोकळीचं घनफळ यांचा गुणाकार केला की वायू सारायला लागलेलं कार्य मिळतं. पोकळीत कोंडलेल्या वेगवान कणांची ऊर्जा धरली, तर एकूण आकडा त्याच्या सुमारे चौपट होतो. पोकळीला केंद्रापासून तिथवर जायला लागलेल्या काळाने तो भागला, की झोताची सरासरी शक्ती हाती येते. दूरच्या वायूलाच मोजमापाचं साधन करणारी ही पद्धत मला फार देखणी वाटते. २००५ साली एमएस ०७३५ या समूहासाठी हे गणित मांडलं गेलं. तिथल्या झोतांची शक्ती सूर्याच्या काही लाख कोटी पट भरली, आणि तीही सुमारे दहा कोटी वर्षं टिकलेली.

गैरसमज: काही झोत प्रकाशापेक्षा वेगाने धावतात.

वस्तुस्थिती: एम ८७ या दीर्घिकेच्या झोतातल्या गाठी हबल दुर्बिणीला प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना दिसल्या, पण तो भास आहे. गाठी जवळजवळ आपल्याच दिशेने, त्यांनीच सोडलेल्या प्रकाशाच्या मागोमाग येतात, म्हणून मधला काळ आपल्याला आखडलेला दिसतो.

गैरसमज: झोत मोजायचं काम फक्त अवकाशातल्या दुर्बिणींचं.

वस्तुस्थिती: जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा यात ठळक वाटा आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. झोत थंडावला की त्यातले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी विझतात, आणि जुन्या कणांची खूण उरते ती कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत. जीएमआरटी नेमक्या त्याच टिपते.

याचं एक उदाहरण पाहा. भुजंगधारी तारकासमूहातला एक दीर्घिकासमूह आपल्यापासून सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या वायूत एका वक्र कडेची नोंद २०१६ मध्ये अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांवरून झाली होती. ती पोकळीची कड मानायची, तर लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती की तो अर्थ तेव्हा बाजूला ठेवला गेला. २०२० मध्ये सिमोना जाचिंतुच्ची आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटी व ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीच्या नोंदी त्या कडेशी ताडून पाहिल्या. रेडिओ लहरी सोडणारा जुना वायू कडेच्या आत चपखल बसला. ऊर्जा निघाली एमएस ०७३५ च्या सुमारे पाचपट.

हे आकडे दोन-तीन पटींनी इकडेतिकडे होऊ शकतात. पोकळीची खोली अंदाजानेच धरावी लागते, आणि झोतात इलेक्ट्रॉनांसोबत प्रोटॉन आहेत की पॉझिट्रॉन, यावर अजून वाद आहे. भुजंगधारीत तर केंद्राच्या एकाच बाजूला असा रेडिओ वायू सापडला आहे. दुसऱ्या बाजूच्या विरळ वायूत तो लवकर विझला असावा, असं संशोधकांना वाटतं.