पडद्यातली जुळी

आमसुलं वाळत घालत होते. लेकीनं मोबाइल नाकासमोर धरला. "आई, ही करिना आणि ही तिची जुळी!" (कपूर नव्हे हो!) 'एस्पा' हा कोरियातला चार मुलींचा ग्रुप, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला. करिना, जिझेल, विंटर, निंगनिंग. प्रत्येकीची संगणकानं घडवलेली जुळी आभासी जगात राहते म्हणे. २०२२ मध्ये त्यांच्या 'गर्ल्स' अल्बमच्या दहा लाखांहून जास्त प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या!

मला ती जुळीच खटकली. ना घाम, ना मुरूम. आमची बया मुरमांपायी फोटोत तोंड लपवते. एप्रिल २०२४ मध्ये विंटरच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं, हेही तिनंच सांगितलं.

"मग तिची जुळी?"

"तिला काय होणार!" म्हणाली नि गप्पच झाली.

मोबाइल ठेवून आमसुलं पसरायला बसली.