जनावरांची आवडनिवड आणि किनाऱ्यावरील कुरणांची निगा

चराईचा विषय निघाला की, अमुक क्षेत्रावर जनावरे किती सोडावीत, हा प्रश्न पहिल्याने विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. कोणते जनावर, कोणत्या महिन्यात आणि कुरणाच्या कोणत्या भागात चरते, ह्यावरही कुरणाचे बरेवाईट तितकेच अवलंबून असते. जनावर हे गवत कापण्याचे यंत्र नव्हे. ते निवडून खाते, आणि त्याने जे टाकले तेच पुढे कुरणात माजते. जनावरांची ही निवड ओळखून कुरण कसे राखावे, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण युरोपच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या एस्टोनिया देशात पाहावयास मिळते.

बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. महासागराच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एस्टोनियाच्या किनाऱ्यालगत ते प्रमाण अवघे ५ ते ७ ग्रॅम भरते. शिवाय तेथील जमीन अत्यंत सावकाश वर उचलली जात आहे. पश्चिम किनाऱ्यावर हा वेग वर्षाला दोन ते तीन मिलिमीटर इतका आहे. जोराचा वारा सुटला म्हणजे समुद्राचे पाणी ह्या सपाट जमिनीवर पसरते व वारा पडताच ओसरते. अशा ओलसर, किंचित खारट जमिनीवर आखूड गवताची कुरणे तयार झाली. गाई, मेंढ्या व घोडे तेथे पिढ्यान् पिढ्या चरत आले, म्हणूनच ती कुरणे राहिली.

१९४९ साली तेथे सामुदायिक शेतीची सक्ती झाली. पुढील काळात घरोघरची किनाऱ्यावर चरणारी गुरे कमी झाली आणि पुष्कळ कुरणे ओस पडली. चराई थांबताच पाण्याच्या बाजूने नळगवत आत सरकू लागले. पेरांचे हे पाणथळ गवत माणसापेक्षाही उंच वाढते व जमिनीखाली मुळांचे दाट जाळे विणते. त्याच्या सावलीत चाऱ्याचे आखूड गवत टिकत नाही. मात्सालू येथील उपसागर १९५७ पासून पक्ष्यांसाठी राखीव आहे व २००४ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे. पण किनारी कुरणांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने नुसते राखीव क्षेत्र पुरत नाही. गुरे गेली की कुरण जाते, आणि कुरणामागोमाग हे पक्षीही जातात.

तोंडाची रचना तशी चराई

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा वेढा घेऊन ते ओढून तोडते. त्यामुळे तिला अगदी जमिनीलगतचे गवत खाता येत नाही. परंतु उंच व भरड गवत ती सहज घेते, आणि नळगवताच्या कोवळ्या कोंबांसाठी पाण्यातही शिरते. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला व हलता असतो. ती एकेक पान, एकेक फूल वेचून खाते, कोरडी जागा पसंत करते आणि उंच नळगवतात जाण्यास नाखूश असते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात असल्याने तो गवत जमिनीसरसे कुरतडतो. मात्र एका ठिकाणी लीद टाकण्याची त्याला सवय असते व त्या जागेचे गवत तो सोडून देतो. गाईसुद्धा स्वतःच्या शेणाभोवतीचे गवत टाळते. ते दुसऱ्या जातीचे जनावर मात्र खुशाल खाते. म्हणून निरनिराळ्या जातींची जनावरे मिळून चारली तर टाकलेल्या जागा कमी राहतात. केवळ मेंढ्यांच्या जोरावर नळगवत हटविण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

आवड ही ऋतूप्रमाणे बदलते. आपल्याकडील कुसळी गवताचा अनुभव प्रत्येक गुराख्याला आहे. कोवळेपणी गुरे ते आवडीने खातात, पण कुसळे आली की तोंड फिरवितात. नळगवताची गोष्ट तशीच आहे. मे-जूनमध्ये त्याचे कोंब रसाळ असतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत ते राठ होते व गुरे त्याला शिवत नाहीत. म्हणजे जनावरे तितकीच, क्षेत्रही तितकेच. पण ती दोन महिने उशिरा सोडली तर हाती काहीच लागत नाही.

ह्याखेरीज शिकवणुकीचाही भाग आहे. काय खावे व काय टाळावे हे वासरू आईच्या सोबतीने चरताना शिकते. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा ह्यांनी ह्या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. खाल्ल्यानंतर पोटाला बरे वाटले की वाईट, ह्यावरून जनावराची आवड घडत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. गोठ्यात कापलेल्या चाऱ्यावर वाढलेल्या कालवडी एकदम किनाऱ्यावर नेऊन सोडल्या तर त्या अनोळखी वनस्पतीला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यांच्यासोबत तेथे चरलेल्या चार जुन्या गाई असणे इष्ट.

खरी अडचण

नळगवत खाल्ले जावे म्हणून गुरे लवकर सोडली पाहिजेत. परंतु नेमक्या त्याच दिवसांत टिटवी आणि डनलिन नावाचा चिमुकला किनारपक्षी ह्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. गुरांच्या खुराखाली ती चिरडली जातात. उशिरा सोडावे तर कुरण हातचे जाते, लवकर सोडावे तर अंडी. ह्यातून पूर्णपणे सुटका करणारा उपाय नाही. नुकसान कमी करता येते, इतकेच. आरंभी थोडी जनावरे सोडावयाची, तीही शांत, वयस्क गाई. धावपळ करणारी तरणी जनावरे मागाहून. घरट्यांची जागा तात्पुरत्या कुंपणाने वगळून गुरे पाणकाठच्या नळगवताकडे वळवावयाची, आणि पिले हिंडू-फिरू लागली की संख्या वाढवावयाची. संपूर्ण हंगामाचा विचार करता एका हेक्टराला साधारणपणे एक मोठे जनावर, असा ढोबळ हिशेब बसतो. पण ओल, गवताची वाढ व जागेचा चढउतार पाहून तो बदलावा लागतो.

डनलिनला वसंताच्या आरंभीच आखूड गवत लागते. त्या वेळी गुरे कुरणात आलेलीही नसतात. म्हणजे त्याची सोय आदल्या शरद ऋतूत करून ठेवावी लागते. सप्टेंबरअखेर गवत आखूड खाल्लेले असले, तरच पुढील एप्रिलमध्ये तो पक्षी तेथे उतरतो. गुरे एखाद्या कोपऱ्याकडे फिरकत नसतील तर गोड्या पाण्याचे टाके किंवा चाटण-वीट त्या बाजूस हलवितात. तरीही गवताचे राठ झुबके शिल्लक राहतातच. ते हंगामाच्या शेवटी कापून टाकतात. हे काम खर्चाचे असल्याने तेथील शेतकऱ्यांना अशा कुरणांच्या निगेसाठी सरकारी अनुदान मिळू लागले.

हा हिशेब कोकणच्या खाडीकाठी जसाच्या तसा लावता येणार नाही, हे ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे. तेथे दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीच्या चिखलात उभी असलेली तिवरे ही कुरणावर माजलेली रोपे नव्हेत. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. तिवरे तोडून चराईसाठी जागा करणे सर्वथा चूक. मात्र बांधाच्या आत पडीक राहिलेल्या खार जमिनीवर गाय काय खाते, म्हैस काय खाते आणि शेळी कशाला तोंड लावीत नाही, ह्याची महिनावार नोंद करून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

एस्टोनियात नळगवताची कापणी हिवाळ्यातही होते. पाणी गोठले की बर्फावरून वाळलेले नळ कापून घरे शाकारण्यासाठी नेतात. परंतु त्या कापणीने नळगवत हटत नाही, कारण त्या वेळी त्याचा सारा जीव मुळांत साठलेला असतो. ते हटवावयाचे असल्यास उन्हाळ्यात, कोंब जोमात असताना, पाण्याच्या पातळीखाली कापावे लागते. कापलेल्या पोकळ दांड्यांतून मग मुळांना हवा पोहोचत नाही. पुढील वर्षी जे विरळ कोंब फुटतात, ते गाई खाऊन टाकतात.