गंधकाचा विद्युत्घट

भुसावळजवळच्या वरणगांवीं 1964 सालीं सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथें बंदुकीचीं काडतुसें तयार होतात. दारू म्हटली कीं आपणांस गंधक आठवतो, आणि जुन्या काळ्या दारूंत सोरा व कोळसा यांच्या जोडीला तो शेंकडा 10 या प्रमाणांत असेच. पण आजच्या काडतुसांतील धूर न करणाऱ्या दारूंत त्याला स्थान उरलेलें नाहीं. दारूखान्यांतून निवृत्त झालेल्या या पिवळ्या पदार्थाला विजेचा कोठावळा नेमावा, असा रसायनशास्त्रज्ञांचा बेत आहे. बेत तसा जुनाच. त्याचें पेटंट अमेरिकेंत 1962 सालीं निघालें.

आपल्या खिशांतील फोनच्या घटांत लिथियमचे अणु कोबाल्टच्या ऑक्साइडच्या थरांमध्यें, फडताळांत घड्या ठेवाव्या तसे, शिरतात व निघतात. फडताळ जड आणि घड्या थोड्या! गंधकाच्या घटांत फडताळच नाहीं. गंधकाचा एक अणु लिथियमच्या दोन अणूंशीं सरळ संयोग पावतो. म्हणून एका ग्रॅम गंधकामागें 1,675 मिलिअँपिअर-तास विद्युत्भार सांठूं शकतो. कोबाल्टच्या ऑक्साइडचा व्यवहारांतील आंकडा 150 च्या आसपास. गंधकाचा दाब कमी, सुमारें 2.1 व्होल्ट, तरीहि हिशेब त्याच्याच पदरांत पडतो. शिवाय कोबाल्ट बहुतांशीं आफ्रिकेंतील कांगोहून यावयाचा, तर गंधक मुंबईच्या माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांतहि खनिज तेलांतून काढून टाकावाच लागतो.

मग अडलें कोठें? तें समजण्यासाठीं घटाच्या आंत डोकावूं. ऋण बाजूस लिथियम धातु, धन बाजूस गंधक, मध्यें एक द्रव. घट वीज देऊं लागला म्हणजे लिथियमचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें निघतात आणि उरलेले लिथियमचे भारित कण द्रवांतून पलीकडे पोहोंचतात. गंधकाचे आठ अणु एकमेकांचे हात धरून कडें करून बसलेले असतात. इलेक्ट्रॉन मिळतांच तें कडें तुटतें, त्याची साखळी होते व तिच्या दोन्ही टोकांस लिथियम चिकटतें. साखळी तुटत तुटत आठाची सहा, सहाची चार अशी आंखूड होते, आणि शेवटीं लिथियम सल्फाइड हा घन पदार्थ उरतो. घट भरतांना हाच प्रवास उलटा.

खोड अशी, कीं मधल्या लांब साखळ्या द्रवांत विरघळतात. विरघळल्या म्हणजे जागेवर कशा राहतील? त्या भटकत लिथियमच्या बाजूस जातात, तेथें आंखूड होतात, परत येऊन पुन्हां लांब होतात. घट भरतांना ही येरझार चालूं राहिली, म्हणजे विहिरींतून पोहरा शेंदावा आणि वर येईपर्यंत तो निम्मा गळावा, तसा प्रकार होतो. कांहीं गंधक तर लिथियमवर थर होऊन बसतो, तो कायमचा कामांतून गेला. त्यांत गंधक स्वतः वीज वाहत नाहीं, म्हणून त्यांत कोळशाची पूड मिसळावी लागते. आणि लिथियम सल्फाइड होतांना तो शेंकडा 80 इतका फुगतो, त्यामुळें ती मांडणीहि खिळखिळी होते.

कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत लिंडा नाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2009 सालीं एक चांगली तोड दाखविली. अतिसूक्ष्म नळ्यानळ्यांच्या कार्बनमध्यें त्यांनीं वितळलेला गंधक भरला. कार्बन वीज वाहतो आणि साखळ्यांना बऱ्याच अंशीं कोंडूनहि ठेवतो. द्रवांत लिथियम नायट्रेट मिसळल्यास लिथियमवर संरक्षक पापुद्रा धरतो, हा दुसरा उपाय. मला विचाराल तर सोरा व कोळसा दोघेहि वेषांतर करून गंधकाच्या मदतीला परत आले, असेंच वाटतें!

जुलै 2010 मध्यें ‘झेफिर’ नांवाचें वैमानिकरहित ब्रिटिश विमान अमेरिकेंतील ॲरिझोनावर सतत 14 दिवस उडत राहिलें. दिवसा सूर्यप्रकाशावर आणि रात्रीं लिथियम-गंधकाच्या घटांवर. तेथें हलकेपणा हाच सर्वांत मोठा गुण होता. रोज भरावयाच्या दुचाकीचा घट मात्र वर्षानुवर्षें टिकावा लागतो, आणि तेथें गंधक अजून उमेदवारच आहे.