चोथ्याचं काय करायचं?

विजेशिवाय कॉफी कशी करायची, हा प्रश्न तसा अलीकडचा. पंधराव्या शतकात येमेनमध्ये सूफी मंडळी कॉफी पीत होती, तेव्हापासून पुढची चारशे वर्षं कुणाचं विजेवाचून अडलं नाही. मुक्कामावर अडतं ते चोथ्यापाशी. पूड पाण्यात उकळली की घोटाबरोबर तोंडात येते, आणि रानात हाताशी गाळणं नसतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैनिकांना शिध्यात कॉफी मिळे. शंभर माणसांना दिवसाला कच्चे दाणे दहा पौंड, किंवा भाजून दळलेली पूड आठ पौंड. दाणे हाती आले तर ते भांड्यात घालून बंदुकीच्या दस्त्याने कुटायचे, डबा शेकोटीवर धरून पाणी उकळायचं आणि चोथा तळाशी बसावा म्हणून वरून गार पाण्याचा हबका मारायचा. जॉन बिलिंग्ज या सैनिकाच्या १८८७ सालच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच मुळी ‘हार्डटॅक अँड कॉफी’. सरकारने मध्यंतरी दूध-साखर घालून आटवलेला कॉफीचा अर्कही पुरवून पाहिला. कुटणं नको, चोथा नको. पण तो दिसे गाडीच्या वंगणासारखा, सैनिकांनी झिडकारला. दक्षिणेकडे नाकेबंदीमुळे कॉफीचीच बोंब होती. तिथे ओकची फळं आणि रताळी भाजून वेळ मारून नेत, आणि गोळीबार थांबला की दोन्हीकडचे पहारेकरी तंबाखू आणि कॉफीची अदलाबदल करत.

नॉर्वेत किटलीत वाळवलेलं माशाचं कातडं टाकून कॉफी निवळवण्याची रीत होती. चालत असेलही, मी त्या वाटेला जाणार नाही.

१८९२ च्या सुमारास स्वीडनच्या लिंडक्विस्टने प्रायमस स्टोव्ह आणला आणि भांड्याची काजळी गेली. पंप मारणं, पिन मारणं आणि तो भर्र आवाज आपल्या पिढ्यांनाही पाठ आहे. पण त्याने आग सुधारली, चोथा होता तिथेच राहिला. त्याचा बंदोबस्त १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने केला: पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. तीस वर्षांनी नेसकॅफे आली आणि पाण्यात विरघळणाऱ्या पुडीने चोथा साफच उडवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी ही पूड जगभर नेली. सह्याद्रीतल्या सॅकमध्ये मान चहालाच, पण कॉफी निघालीच तर बहुधा पुडीतलीच. चोथा गेला, मात्र गडावरच्या टाक्यांजवळ पुड्यांची चकचकीत पाकिटं साचू लागली. चोथा निदान कुजतो.

मग लोक पुन्हा दाण्यांकडे वळले. २००५ मध्ये अॅलन अॅडलरने एरोप्रेस काढली. हा मूळचा उडत्या चकत्या बनवणारा माणूस, आणि त्याच्या नळीतूनही चोथा चकतीसारखाच दाबून बाहेर पडतो. सोबत हाताने फिरवायची छोटी चक्की असली की झालं. हाताने पंप मारायची एस्प्रेसो यंत्रंही मिळतात. मला तो पाठीवरचा नाहक भार वाटतो.

पाण्याच्या उकळीची काळजी आपल्याकडे नको. कळसूबाईवर, १६४६ मीटरला, पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं आणि कॉफीला तेवढंच हवं असतं. हिमालयात पाच हजार मीटरच्या वर ते ८३-८४ अंशांवर येतं, तिथे पूड बारीक घ्यावी आणि जास्त वेळ भिजू द्यावी.

एका दिवसाच्या ट्रेकला मात्र यातलं काहीच लागत नाही. दक्षिणेतला दोन मजली पितळी किंवा स्टीलचा फिल्टर रात्री लावावा, चोथा घरीच कुंडीत टाकावा आणि दाट डिकॉक्शन बाटलीत भरून न्यावं. वर फक्त पाणी तापवायचं. दूध पावडर आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावी, नाहीतर गुठळ्या होतात.