डचेसची धाकटी लेक

स्पेन्सर घराण्यातली जॉर्जियाना १७७४ साली, ऐन सतराव्या वाढदिवशी, डेव्हनशरच्या ड्यूकची पत्नी झाली. तिची केसांत खोवलेली उंच पिसं, जुगारातलं कर्ज, १७८४ च्या निवडणुकीत फॉक्ससाठीचा प्रचार यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र अस्वस्थ करतं ते १७९२ साल.

चार्ल्स ग्रेपासून तिला मुलगी झाली, एलायझा. ड्यूकची अट एकच: ग्रेला आणि त्याच्या मुलीला सोडायचं, नाहीतर तिन्ही मुलांना मुकायचं. (ड्यूकची स्वतःची अनौरस मुलगी जॉर्जियानानेच घरात वाढवली होती, हे विशेष!) तिने मुलं निवडली. एलायझा ग्रेच्या आईवडिलांकडे वाढली. १७९३ साली जॉर्जियाना परदेशातून परतली, तेव्हा दीड वर्षाचा सोडून गेलेला विल्यम तीन वर्षांचा झाला होता. ग्रे पुढे पंतप्रधान झाला.